पाच तास ड्राइव्ह, हरणाऱ्या संघासाठी

वैशालीचा सांता क्लाराहून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते.

"मेधा, या वर्षी तरी मॅचला जायचं का? डॉरथीमावशी पंच्याहत्तरची झाली यार."

"अगं, आपली टीम कशी खेळतेय बघितलंस का? सलग पाच हरलेत!"

"म्हणून तर तिकिटं मिळून राहिलीत!"

ऑक्टोबर २००७ मधली ही ट्रिप अशी दोन मिनिटांत ठरली. वैशाली नागपूरची, मी सांगलीची. नव्वदच्या दशकात आम्ही दोघी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या कॉलेज-गावात स्टॅटिस्टिक्स शिकायला आलो. डॉरथी तिथल्या लायब्ररीत होती आणि परदेशी मुलामुलींना रविवारी घरी जेवायला बोलवायची. तिचा नवरा नुकताच गेला होता. स्टेडियममधली त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून ती आम्हाला आळीपाळीनं मॅचला न्यायची. हातात चेंडू घेऊन धावण्याचा हा अमेरिकन फुटबॉल तिनंच आम्हाला शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. तेव्हा आमचा संघ जिंकायचा. आम्हाला वाटायचं, संघ जिंकतातच. (गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची आधीच पुरेशी शोभा झाली आहे.)

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी दोनच्या आत अटलांटा ओलांडा, नाहीतर ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ होते. वैशाली विमानानं माझ्याकडे, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आली होती. तिथून निघून आम्ही आय-ट्वेंटी हायवेनं पश्चिमेला लागलो. अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे फुकटात वेळ मिळाल्याचा आनंद होतो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या पुढे एका पंपाबाहेर उकडलेल्या शेंगा मिळाल्या, अगदी आपल्यासारख्या, मीठ मात्र सढळ हातानं घातलेलं. मॅचच्या शनिवारी मोटेल दुप्पट भाव लावतात, त्यामुळे महिनाभर आधी बुकिंग करा. आम्हाला ती काळजी नव्हती. डॉरथी दारातच उभी होती, संघाची जांभळी टोपी घालून. पूर्वीपेक्षा बारीक झालेली, पण मिठी तशीच हाडं मोडणारी.

"यंदाच्या टीमचं बघू नका," ती म्हणाली. "माझं बघा. मी अजून बरी आहे."

शनिवारी एकची मॅच होती. आम्ही दहालाच पोचलो, कारण खरी मजा पार्किंगमध्ये असते. गाड्यांच्या डिक्या उघडून लोक मांस भाजत होते. आमच्यासाठी कुणीतरी भाजलेली मक्याची कणसं पुढे केली. इथे शाळेतल्या चांगल्या खेळाडूंना कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन बोलावून घेतात, आणि सगळीकडे त्याचीच तक्रार होती. "पन्नास मैलांच्या परिसरात एवढी चांगली पोरं, आणि एकही आपल्याकडे येत नाही!" एक टोपीवाले आजोबा सांगत होते, "कोच त्यांच्या घरी जातो, चहा पितो, पोरगं शेजारच्या राज्यात!"

डॉरथी याच विषयावर वर्षानुवर्षं बोलत आली होती. गाव सोडून जाणाऱ्या खेळाडूंना तिच्याइतक्या शिव्या कुणी दिल्या नसतील. पण आज तिनं आजोबांच्या हातात कणीस दिलं आणि हवेचा विषय काढला.

मॅच सुरू झाली आणि तिचं तोंड सुटलं. "आता मधून धावणार." धावला, आपटला. "आता परत मधून." तेच. "आता छोटा पास, तोही चुकणार." चुकला. "आता लाथ मारून चेंडू देऊन टाका त्यांना!" आमच्या मागच्या चार रांगा तिच्याबरोबर एका सुरात हेच म्हणत होत्या. समोरच्या संघाच्या बचावालाही हे सगळं आधीच कळत होतं, हे उघड होतं. वैशाली म्हणाली, "यार, हा डेटा तर मी पण प्रेडिक्ट करीन."

मध्यंतरात डॉरथीनं मैदानाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे शाळेतली काही उंच मुलं पाहुणी म्हणून उभी होती. त्यांच्यात तिचा नातू जेसी होता. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो ट्रायसिकलवर होता. आता तो सहा फुटांच्या वर गेला होता आणि लांबचे पास झेलण्यात जिल्ह्यात पहिला होता.

"आपल्या कॉलेजनं त्याला बोलावलंय," ती म्हणाली. "शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजनंही. तिथे दिवसभर लांबचे पास, चेंडू हवेतच असतो."

"मग तो काय म्हणतो?"

"म्हणतो, आजी, मी इथंच. तुझ्यासमोर खेळणार." तिनं टोपी खाली ओढली. "या खुर्चीत बसून मी तेच मागत आले गं इतकी वर्षं."

मॅचच्या चारपैकी तिसऱ्या भागात आमचा एक मुलगा उजव्या कडेनं धावत सुटला. आसपास कुणी नव्हतं. पास मागायला त्यानं हात वर केला. चेंडू पुन्हा मधेच दिला गेला आणि खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली गेला. तो मुलगा तसाच हात वर करून उभा, मग त्यानं हात हळूहळू खाली घेतला. डॉरथीनं मैदानाच्या कडेला, जेसीकडे पाहिलं. आम्ही चोवीस-तीननं हरलो. ती शेवटच्या सेकंदापर्यंत जागची उठली नाही.

रविवारी सकाळी तिनं बिस्किटं केली. इकडची बिस्किटं म्हणजे गरम, पापुद्रे सुटलेले छोटे पाव, वर पांढरी ग्रेव्ही. वैशाली आणि मी मध लावून खाल्ली. जेसी आला, चार बिस्किटं संपवली, आणि डॉरथी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"तू तिकडे जा," ती म्हणाली.

त्यानं हातातलं पाचवं बिस्किट खाली ठेवलं. "पण आजी, जाणाऱ्या पोरांना तू किती बोलतेस!"

"अजून बोलीन. तुला धरून." तिनं ते बिस्किट परत त्याच्या हातात दिलं. "काल तो मुलगा हात वर करून उभा होता ना, त्याच्या जागी मला तू दिसलास. तसा चार वर्षं उभा राहिलेला मला बघवणार नाही."

"आणि तू?"

"मी कुठं जाणार? माझी टीम ही आहे."

जेसीनं उठून तिला मिठी मारली. एवढा मोठा मुलगा, टोपीवर हनुवटी टेकवून हमसून रडला. वैशालीनं माझा हात दाबला. आम्ही दोघी उठून भांडी घासायला लागलो, कारण दुसरं काय करावं सुचेना.

परतीच्या वाटेवर बर्मिंगहॅमजवळ आम्ही पुन्हा उकडलेल्या शेंगा घेतल्या. मग वैशाली म्हणाली, "मी अमेरिकेला निघाले तेव्हा माझ्या आईनं विमानतळावर एवढंच म्हटलं होतं, स्वेटर घाल. मला वाटलं होतं, हिला काहीच वाटून नाही राहिलं."

घरी पोचले तर लेक दारात. "डिड वुई विन?"

"हरलो," मी म्हटलं. तिनं कधी न पाहिलेल्या संघाला ती 'वुई' म्हणाली, हे आत गेल्यावर लक्षात आलं.

फेब्रुवारीत जेसीनं शेजारच्या राज्यातल्या त्या कॉलेजच्या कागदांवर सही केली. त्या दिवशी डॉरथीचा फोन आला. पुढच्या मोसमासाठी तिनं दुसरा रेडिओ घेतला होता. एकावर आमची मॅच, दुसऱ्यावर जेसीची.

"आणि शिव्या?" मी विचारलं.

"त्या फक्त आपल्या टीमला," ती म्हणाली. "त्याच्या रेडिओसमोर मी नीट बसणार आहे."