लॅटिन पुस्तकांची चावी

प्रमाणित करण्यात येते की, श्री. तौहिद रहेमान पिंजारी, राहणार शहादा, पदनाम 'बाइंडर तथा ग्रंथालय परिचर', हे विद्यापीठाच्या येथील केंद्रात दीर्घकाळ कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. त्यांच्या मनात कोणताही कर्मचारी अथवा ग्रंथ यांविषयी आकस नाही.

जामसिंग पावरा हा शिपाई सोडला, तर कर्मचाऱ्यांपुरतं हे खरं होतं. ग्रंथांपुरतं मुळीच नव्हतं. शंभरेक कॅथलिक पुस्तकांवर तौहिद मनापासून जळत होता.

ही पुस्तकं डोंगरातल्या एका बंद पडलेल्या मिशनमधून आली. प्रार्थनेची, संतांच्या चरित्रांची, बहुतेक लॅटिनमधली. कव्हरं सुटलेली, पाठी उसवलेल्या. विद्यापीठाने त्यांना 'दुर्मिळ ग्रंथ विभाग' असं नाव दिलं आणि एसी असलेली खोली दिली. त्या खोलीत तोवर तौहिदचं बाइंडिंग चालायचं. एसी तेव्हाही होता, फक्त तो सुरू करायची परवानगी नव्हती. आता तौहिदचा पुस्तकं दाबायचा शिकंजा, कटिंग मशीन आणि खळीचं पातेलं व्हरांड्यात वॉटर कूलरशेजारी आलं आणि लॅटिन पुस्तकं गार हवेत कापसाच्या उशांवर निजली.

तरी पुस्तकं आली तेव्हा तौहिद खुश होता. इतकी फाटकी पुस्तकं एकदम आली म्हणजे आपल्यासाठीच आली, असं त्याने धरलं होतं. मग पुण्याहून तज्ज्ञ बाई आल्या आणि म्हणाल्या, यांना शिवायचं नाही, बांधायचं नाही, उघडायचं तर नाहीच. सुती फितीने हलकं बांधून खोक्यात ठेवायचं. ते काम कोणी करायचं हे ठरवायला त्यांनी सगळ्या परिचरांच्या मुठीत टीपकागदाचा एकेक तुकडा दिला आणि थोडा वेळ मुठी मिटून ठेवायला सांगितल्या. जामसिंगचा कागद होता तसाच निघाला. तौहिदचा निळसर आणि चिकट निघाला. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची त्याच्या बापाची पद्धत होती, आणि इतक्या वर्षांत ते मोरचूद तळहातात मुरलं होतं. चावी जामसिंगला मिळाली.

त्या दिवसापासून तौहिद त्याला 'फादर' म्हणू लागला. सकाळी जामसिंग कुलूप उघडायचा तेव्हा व्हरांड्यातून विचारणा व्हायची, "काय फादर, लेकरे निजेल शेतस ना?" जामसिंग हसायचा, आणि तेच तौहिदला सहन व्हायचं नाही. एकदा चहाच्या वेळी त्याने विचारलंच.

"तुन्हा हात चालस, मन्हा हात का बरं नही चालस रे?"

"मन्हा हातले घाम नही येस, भाऊ," जामसिंग म्हणाला. "मी काय करू?"

यावर भांडता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तौहिदने त्याच्याबरोबर चहा घेणं बंद केलं. घरी अंजुमला हे सगळं रोज ऐकावं लागायचं. लग्न झाल्यापासून तिने शिकंज्याचं कौतुक आणि खळीचा वास निमूटपणे सोसला होता. ती पोळी उलटत एवढंच म्हणाली, "अब मालूम पडा सौतन क्या होती है."

होळी जवळ आली. जामसिंगला भोंगऱ्याच्या बाजाराला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेला, गावी जायचं होतं. एसी तर चालू ठेवावा लागणार. चावी कोणाकडे द्यावी, असं ग्रंथपाल मोहिनी मॅडमनी विचारलं, तेव्हा जामसिंगने तौहिदचंच नाव घेतलं. तळोद्याला जीप पकडायला निघताना तो व्हरांड्यात आला, चावी शिकंज्यावर ठेवली आणि गेला. उपकार झाले की आग विझते असं मानणाऱ्यांनी तौहिदचं तोंड पाहायला हवं होतं.

पहिल्या दिवशी तो नुसता त्या खोलीत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांत फाटकं पुस्तक उचललं आणि व्हरांड्यात आणलं. मॅडम बैठकीला गेल्या होत्या. त्याने जुने दोरे काढले, फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, टोच्याने भोकं पाडून नव्याने शिवलं. हात इतके हलके चालले होते की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुस्तकाला चांगला रुंद समास होता आणि समासात पेन्सिलीने बारीक काहीबाही लिहिलेलं होतं. तौहिद मनात म्हणाला, इथेसुद्धा पोरं पोहोचली. समासात उत्तरं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची अक्षरं कापून पुस्तक स्वच्छ करणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम होतं. त्याने मशीनचं पातं नेहमीपेक्षा थोडं आत घेतलं आणि तिन्ही बाजू साफ कापल्या. मग लाल रेक्झिन चढवलं.

जामसिंग परतला, त्याने लाल पुस्तक पाहिलं आणि तो सरळ व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या टोपलीशी बसला. कागदाच्या कातरणी तो एकेक करून मांडीवर ठेवू लागला. ते अक्षर विद्यार्थ्यांचं नव्हतं. मिशनमधल्या कुठल्याशा जुन्या फादरने डोंगरातल्या लोकांना विचारून लॅटिन शब्दांसमोर जामसिंगच्या पावरी बोलीतले शब्द लिहिले होते. बहुतेक शब्द मधोमध कापले गेले होते. तौहिद शेजारी उभा राहिला. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं. पण जामसिंग त्या कातरणी इतक्या मायेने उचलत होता, की तौहिदला आधी त्याचीच चीड आली.

"माले सांगानं ना," तो अखेर म्हणाला. "समासमां तुम्हनी बोली शे म्हणीसन."

"माले कसं मालूम पडी?" जामसिंग मान वर न करता म्हणाला. "उघडाले बंदी शे."

चौकशी झाली. कातरणींना स्वतंत्र खोकं मिळालं, आणि तेही एसीत. तौहिदला दुर्मिळ ग्रंथ विभागात प्रवेश बंद झाला. अहवालात नमूद करण्यात आलं की, सदर ग्रंथाचे अपरिवर्तनीय नुकसान झाल्याने त्याचे मूल्य संपुष्टात आले असून तो कोणत्याही अभ्यागतास दाखवण्यात येऊ नये.

अभ्यागतांना तेच पुस्तक दाखवतात, कारण उघडता येतं असं तेवढंच आहे. दाखवतो जामसिंग.