झटकलेल्या हातांचा ओवा

मसाल्याच्या डब्यातला चिमूटभर ओवा मी गॅलरीतल्या कुंडीत पेरला, हात झटकले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज बोटाने माती उकरून बघायला लागले. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्यासुद्धा, “अगं, बी पेरलंयस की भजी तळतेयस? सारखं काय उलटून बघतेस?” पंधरा दिवस झाले, कुंडीत काही उगवलं नाही.

आज बघते तर बाजूच्या जास्वंदीच्या बुंध्याशी केसासारखे चार हिरवे कोंब! एकाचं इवलंसं पान चुरडलं, तर ओव्याचा वास. हात झटकले तेव्हा पडलेले दाणे असणार. तिथे मी एकदाही बोट घातलं नव्हतं. मला एकटीलाच हसू फुटलं.

नाशिकला शिकायला गेलेल्या लेकीला रोज सकाळी माझा फोन असतो. उठलीस का, खाल्लंस का, डबा बरा होता का. ती ‘हो, हो’ म्हणते आणि ठेवून देते. आज मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. जास्वंदीला कडेकडेने पाणी घातलं.

दहा वाजता तिचाच फोन आला. “आई, आज फोन नाही केलास? बरी आहेस ना? खाल्लंस का काही?”