उजव्या दाराची काच

सुरतेला आमचा गाड्यांचा कॉलम पोहोचला तेव्हा सकाळचे सव्वासहा झाले होते. तापीला पूर होता. शहराचा निम्मा भाग पाण्यात होता आणि सिव्हिलच्या, म्हणजे नागरी प्रशासनाच्या, मदतीला फौज बोलावली होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. माझ्याकडे अडकलेल्या गाड्या ओढायची एक रिकव्हरी व्हॅन, हाताखाली दोन क्राफ्ट्समन पोरं आणि एक वायरलेस सेट. एका शाळेच्या पटांगणात आम्ही तंबू ठोकला.

फौजेतलं काही सांगा म्हटलं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत मी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. पाने फिरवले, नट आवळले. माणूस गमावला तोही एका खिडकीच्या काचेपायी.

गाड्या कमी पडत होत्या, म्हणून शहरातून काही कार ताब्यात घेतल्या होत्या. त्यातली एक जुनी पांढरी कार ड्रायव्हर शिपाई गुलाब सोनवणे याला मिळाली. गुलाब लिंबायतचा. बाप पॉवरलूमवर मिस्त्री, घराणं मूळ पारोळ्याकडचं. मीही त्याच भागातला. सुरतेचे रस्ते त्याला तोंडपाठ, म्हणून आमच्या मेजरसाहेबांनी त्याला मुद्दाम निवडला होता. घर तीन किलोमीटरवर असून चार दिवसांत तो एकदाही तिकडे जाऊ शकला नव्हता.

चौथ्या दिवशी ११५० ला त्याने गाडी माझ्यापुढे आणून उभी केली.

"उस्ताद, माझ्या बाजूची काच तिरपी झालीय. वर जातच नाही."

मी हँडल फिरवून पाहिलं. काच पुढून खाली झुकत होती आणि मागून अडकत होती. दाराचं पॅड उघडलं. आत रोलर चॅनेलमधून निसटला होता. तो परत बसवणं हे दहा मिनिटांचं काम. पण रोलरची क्लिप तुटलेली होती आणि क्लिपशिवाय तो पुन्हा निसटणार हे नक्की. नवी क्लिप मिळणार कुठे? बाजार छातीभर पाण्यात होता.

"राहू द्या उघडी," गुलाब म्हणाला. "भिजलो तर भिजलो. मीठ थोडंच आहे मी?"

पाऊस आडवा येत होता. मागच्या सीटवर छतापर्यंत क्लोरीनच्या गोळ्यांची खोकी भरायची होती, पुढे दुसरा वायरलेस सेट ठेवायचा होता. मेजरसाहेबांची ऑर्डर होती, १३०० ला गाडी निघाली पाहिजे, माल कोरडा राहिला पाहिजे. ऑर्डर होतीच, पण खरं सांगायचं तर माझा तोराही होता. आपल्या हाताखालून गाडी अर्धवट जाणार नाही, असं मी नव्या पोरांना ऐकवत असे. आता त्यांच्यासमोर काच उघडी सोडू कशी?

मी दोन्ही हातांनी काच सरळ धरून वर चढवली. एका खोक्याची फळी तासून बोटभर जाडीची पाचर केली आणि काच व दार यांच्यामधल्या फटीत हातोडीने ठोकली. काच घट्ट बसली. मग पाचर एका हाताने ओढून काढून दाखवली आणि पुन्हा ठोकली.

"काच खाली करायची झाली तर अशी सरळ ओढायची. कळलं?"

"कळलं उस्ताद. येताना आईला भेटून येऊ का? पाच मिनिटं."

"आधी माल पोहोचव."

गाडीच्या कागदावर मी 'फिट' लिहिलं, सही केली. माल भरेपर्यंत गाडी पावसातच उभी होती. १३०० ला तो नवागामकडे निघाला. एकटाच होता. जास्तीचा माणूस आमच्याकडे नव्हता.

१३३८ ला माझा सेट वाजला, गुलाबचा आवाज. वायरलेसवर हिंदीतच बोलायचं असा आमचा दंडक.

"गाडी खाडी में फिसल गई. पानी अंदर आ रहा है. ओव्हर."

"बाहर निकल. ओव्हर."

"दरवाजा कठडे में अटका है. काच नीचे नहीं हो रहा. ओव्हर."

"पच्चर खींच. सीधा खींच. ओव्हर."

"खींच रहा हूँ."

मी व्हॅन सुरू करायची खूण केली. पुढचं बोलणं त्याने घरच्या भाषेत केलं.

"भाऊ, निंघत नही."

एवढंच. 'ओव्हर' नाही, काही नाही. मी १३४२ पर्यंत हाका मारत होतो.

आम्ही १४१० ला पोहोचलो. खाडीवरच्या फरशीपुलाच्या कडेला कार डाव्या अंगावर कलली होती. डावी दारं गाळात, मागे खोकी, उजवं दार कठड्याच्या पाइपाला टेकलेलं. ते चार बोटांच्या वर उघडत नव्हतं. जॅक-पाना डिकीत होता. विंच लावून गाडी ओढली तेव्हा काच जागेवर होती. मी जशी बसवली होती तशी, सरळ.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी पाचरीचं सगळं सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "एका हाताने निघत होती?" मी म्हणालो, "यस सर. मी स्वतः काढून पाहिली होती." खोटं काहीच नव्हतं. पण मग गुलाबला ती का निघाली नाही, हा विचार करायला मी धजलो नाही. कागदावर आलं, 'चालकाने घाबरून योग्य प्रयत्न केला नसावा.' मेजरसाहेब म्हणाले, तुझा दोष नाही. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं.

चार महिन्यांनी रजेत लिंबायतला गेलो. भिका मिस्त्री, गुलाबचे वडील, एका खोलीत राहत होते. बाजूच्या शेडमध्ये लूम खडखडत होते. त्यांनी गुलाबच्या आईला चहा ठेवायला सांगितलं आणि पेटीतून युनिटने पाठवलेला तो चौकशीचा कागद काढला. कोणाकडून तरी वाचून घेतला होता.

"आठे लिखेल शे, मना पोऱ्या घाबरना. खरं शे का?"

मी पाचरीची सगळी हकिकत सांगितली. मध्येच चहा आला; ते मान खाली घालून ऐकत होते.

"पाचर कसानी व्हती?"

"लाकडाची. खोक्याची फळी."

"कोरडी ठोकी?"

"हो."

"आनि मंग पावसामा भिजनी, पानीमा गई." त्यांनी मान वर केली. "कुऱ्हाडना दांडा ढिला व्हयना का आपण ती पानीमा टाकतस ना, साहेब? लाकूड फुगस. मंग बैल लाया तरी दांडा निंघत नही."

घरी कुऱ्हाड हौदात टाकायचं काम लहानपणी माझंच होतं.

"कोणी ठोकी व्हती?" त्यांनी विचारलं.

"मी."

पडद्याआड भांडी वाजत होती ती थांबली. मिस्त्रींनी कागदाची घडी केली, पेटीत ठेवली. मग माझ्या बशीकडे बोट दाखवलं.

"च्या थंडा व्हई ऱ्हायना."

युनिटला जाऊन मी अर्ज दिला. पाचर भिजून फुगली होती, ती कोणाच्याही हाताने निघाली नसती, चालकाबद्दलचं वाक्य काढावं. एका ओळीचं उत्तर आलं, प्रकरण बंद झालं आहे. पुढच्या दोन अर्जांना तेवढंही आलं नाही. मी पेन्शनवर आलो. भिका मिस्त्री वारले. कागदावर आजही तेच वाक्य आहे आणि आता ते बदलणार नाही. म्हणून इथे लिहितो.

ड्रायव्हर शिपाई गुलाब भिका सोनवणे, राहणार लिंबायत, सुरत. वय तेवीस. सांगितलं होतं तसंच त्याने पाचर सरळ ओढली, शेवटपर्यंत ओढली. तो घाबरला नव्हता. घाबरलो होतो मी, कोर्टापुढे.