मास्तरीणबाईंचा सेट

ड्रिल मास्तर नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांची मान काही निवृत्त झाली नाही. शाळेच्या मैदानावर जन्मभर शिट्टी फुंकलेला माणूस. दूध आणायला निघाले तरी छाती पुढे, खांदे मागे, आणि रस्त्यात कुणी वाकून चालताना दिसला की "ताठ, ताठ!" असं बजावल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. शाळेत असताना एखादा मुलगा दोरावरून अर्ध्यातच खाली घसरला की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "हातात बांगड्या भरल्यात काय रे?" सगळा वर्ग खो-खो हसायचा. तो मुलगा हसायचा नाही, पण तिकडे बघायला मास्तरांना सवड नसे.

मग त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, चालणं-फिरणं सुरू झालं, पण हातात जोर म्हणून राहिला नाही. मास्तर हे कुणाजवळ बोलले नाहीत. घरात मात्र त्यांच्या बायकोला सगळं ठाऊक होतं. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बिचारीने कधी कुणाला दोन अक्षरं शिकवली नव्हती, नवऱ्यावरून पडलेलं नाव, ते तिनं मुकाट्याने वापरलं. ती बरणीचं झाकण आधी स्वतः फिरवून सैल करून ठेवी आणि मग हाक मारी, "अहो, एवढं उघडून द्या ना." मास्तर झाकण काढून देत आणि वर ऐकवत, "एवढंही होत नाही तुला!" ती म्हणे, "नाही बाई होत."

अशा माणसाच्या डोक्यात गोल्फ भरवलं गणिताच्या सरांनी. गणिताचे सर म्हणजे शाळेतले जुने सोबती. गावाबाहेरच्या तळ्याकाठी सगळ्यांसाठी गोल्फचं मैदान सुरू झालं होतं आणि ते दर रविवारी तिथे जात. बरोबर मास्तरांचाच एक जुना विद्यार्थी असे, आता दातांचा डॉक्टर झालेला. "या हो सर," डॉक्टर म्हणाला. "स्टिक तेवढ्या ज्याच्या त्याने आणायच्या. तुम्ही तर पहिल्याच फटक्यात बॉल तळ्यापार घालवाल!"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि "बघू, बघू" म्हटलं. म्हणजे अडकले. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगण्यापेक्षा त्यांना पुन्हा ऑपरेशन परवडलं असतं.

खेळाच्या सामानाचं दुकान मोठं होतं. मागच्या बाजूला जाळी लावलेली एक खोली, जमिनीवर हिरवी चटई, समोर जाड पडदा. मारून बघायचं आणि मग घ्यायचं, अशी सोय. गळ्यात मापाची टेप टाकलेली एक मुलगी पुढे आली. "नवीनच सुरुवात ना, काका? मग सगळा सेट घेऊ नका. पाच-सहा स्टिक पुरतात. मुख्य म्हणजे दांडी बघायची. हातात जोर असेल तर ताठ दांडी. जोर कमी असेल तर जरा लवणारी. नाहीतर बॉल उठतच नाही."

"ताठ," मास्तर म्हणाले. मुलीने त्यांच्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि ताठ दांडी हातात दिली.

पहिला फटका चटईला बसला. दुसऱ्याला बॉल जमिनीवरूनच सरपटत गेला, घाईघाईने बाहेर निघालेल्या उंदरासारखा. मास्तरांनी दिव्याला दोष दिला, मग बुटांना दिला. मुलीने साधी दांडी आणली, मग वयस्कर लोकांसाठी असते ती हलकी आणली. बॉल थोडा उठला आणि लगेच बसला. मास्तरांना धाप लागली होती, पण ती नाकातल्या नाकात चालली होती. मग ती आतून आणखी एक स्टिक घेऊन आली. मास्तरांनी फिरवली तर काय, टप् असा गोड आवाज झाला आणि बॉल पडद्याच्या वरच्या अंगाला जाऊन आदळला! पुन्हा मारला, पुन्हा तसाच. मास्तरांचा चेहरा असा खुलला की ऑपरेशननंतर तो तसा कुणी पाहिला नव्हता.

"हीच," ते म्हणाले. "ही कुठल्या प्रकारची?"

"ही लेडीज आहे, काका," मुलगी सरळपणे म्हणाली. "पण त्याचं काही नसतं. पुष्कळ जण घेतात. बॉलला काय कळतंय?"

बॉलला नाही कळलं, पण मास्तरांना कळलं. त्यांनी खाली पाहिलं. दांडी जिथे स्टिकच्या डोक्यात शिरते तिथे आकाशी रंगाची एक नाजूक कडी होती, बायकांच्या स्टिकची खूण. त्यांचे कान तापले. जन्मभर मैदानावर मोठ्याने म्हटलेलं ते वाक्य त्यांना आपल्याच आवाजात ऐकू आलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी टेनिसची रॅकेट बघणारा एक माणूस आपल्याकडेच बघतोय, असंही त्यांना वाटलं. तो बिचारा रॅकेटच बघत होता.

"मग बरोबर आहे," मास्तर गडगडाटी आवाजात म्हणाले. "आमच्या हिच्यासाठीच तर बघतोय! म्हटलं, आधी स्वतः मारून बघावं."

थाप मारून वेळ मारून नेली खरी, पण मुलगी पडली कामात चोख. "अरे वा! मग काकूंना घेऊन या. त्यांच्या मापाने बघायला हवं. मी सेट बाजूला ठेवते. तुमचा नंबर द्या." मास्तरांनी नंबर दिला. घरच्या फोनचा दिला, आणि आपण काय केलं ते घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरी पोचले तर मास्तरीणबाई दारातच उभ्या. डोळे कसे चमकत होते. "दुकानातून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मापाला कधी येता, ती मुलगी विचारत होती. अहो, मला सांगायचं तरी! मी आपली वेड्यासारखी म्हणते, आमच्याकडे कोण खेळतंय गोल्फ?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायला एवढंच होतं की तसं नाही गं, त्या माझ्यासाठी आहेत, माझ्या हातांना दुसरं काही झेपत नाही. पण जीभ रेटेना.

"तुमच्या लक्षात राहिलं," ती पुढे म्हणाली. "टीव्हीवर ते हिरवंगार मैदान बघून मी म्हटलं होतं ना, अशा ठिकाणी एकदा तरी काहीतरी खेळायला मिळावं म्हणून. मला वाटलं, तुमचं लक्षच नव्हतं."

मास्तरांचं लक्ष नव्हतंच. ती असं कधी म्हणाली, कुठल्या खुर्चीत बसून म्हणाली, त्यांना काही आठवेना. बायकोसाठी आपण होऊन शेवटची वस्तू कधी आणली, तेही आठवेना. ते खजील होऊन बूट काढत बसले, आणि तिला वाटलं, लाजतायत.

तोवर बहिणीला सांगूनही झालं होतं. मास्तरीणबाईंची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, दुसऱ्या गावी असे आणि बहिणीच्या नशिबाची अधूनमधून कीव करत असे. "ताईला म्हटलं, बघ, ह्यांनी माझ्यासाठी काय घेतलंय. तिचा विश्वासच बसेना!"

दुसऱ्या दिवशी ती मापाला उभी राहिली. पहिल्या फटक्याला स्टिक नुसतीच हवेतून फिरली, बॉल होता तिथेच, आणि मास्तरीणबाई जाळीच्या खोलीत एवढ्या मोठ्याने हसल्या की मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "हळू, हळू! लोक बघतात." त्या हसू आवरून पुन्हा उभ्या राहिल्या. आणि मग लागला. असा लागला की पडदा थरथरला. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "काकू, हात छान आहे हो तुमचा!" मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं. जन्मभर घर उचललेला हात तो, छान असायचाच. पण त्यांच्या पोटात आधी कौतुक उठलं नाही. आधी उठला मत्सर, आणि त्याच्या पाठोपाठ त्याची शरम.

सेट घरी आला. आणि मास्तरांनी पुढे जे केलं ते सांगताना मलाच कानकोंडं व्हायला होतं. रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी काळी चिकटपट्टी काढली आणि एकेका स्टिकवरची आकाशी कडी गुंडाळून झाकून टाकली. ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा स्टिकची पिशवी मास्तरांच्या खांद्यावर होती. "आज मी नुसतं मैदान बघून येतो," ते म्हणाले. "तुला जमण्यासारखं आहे का ते. उगीच तुझी फजिती नको."

"हो, आधी तुम्ही बघून या," ती म्हणाली. तिनं कापडी बूट घालून ठेवले होते. ते तिनं पुन्हा काढले.

मैदानावर मास्तर खेळले, आणि बरे खेळले. बॉल उठत होता. "सर, अजून हातात दम आहे!" डॉक्टर म्हणाला. गणिताच्या सरांनी पाठ थोपटली. ह्या एका वाक्यासाठी केवढा खटाटोप केला होता, आणि ते ऐकलं तेव्हा मास्तरांना कुणीतरी सगळ्यांसमोर कान धरून उभं केल्यासारखं वाटलं. पलीकडे दोन म्हाताऱ्या बायका खेळत होत्या, चुकल्या की एकमेकींना ढकलून हसत होत्या. मास्तरांनी तिकडे पाठ केली.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, "येतात का हो बायका तिथे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बायका नसतात फारशा."

"बरं," ती म्हणाली. "मग एखादे दिवशी दुपारी जाऊ, कुणी नसताना." आणि चिखल लागलेल्या स्टिक पुसायला घेऊन बसली. नव्या वस्तू, स्वतःच्या, तिचा जीव त्यांच्यात होता. ओल्या फडक्याने पुसता पुसता तिचं बोट चिकटपट्टीवर अडकलं.

"अहो, हे काय? फुटक्या दिल्या की काय ह्यांनी? चिकटवून? चला, आत्ताच्या आत्ता दुकानात जाऊ!" तिनं नखाने टोक उचललं आणि पट्टी सोलून काढली. खालून आकाशी कडी निघाली, अगदी धड. तिनं दुसरी पाहिली. तिलाही पट्टी. मग तिनं मान वर केली. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

नवऱ्याला ती ओळखून होती, तिला फार काही जुळवावं लागलं नाही.

"दुकानात तरी," तिनं विचारलं, "माझ्यासाठीच बघत होतात ना?"

एक "हो" पुरलं असतं. इतक्या थापा सुरळीत मारल्या, त्यात आणखी एक. पण ह्या वेळी मास्तरांच्या तोंडून ना खरं निघालं ना खोटं. ते नुसते उभे राहिले. खांदे उतरलेले, मान खाली. तसे उभे राहिलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच. पहिला दिवस कसा गेला ते विचारायला केला होता, आणि ताईचा आवाज असा की खोलीभर ऐकू यावा. मास्तरांना वाटलं, आता ताईसमोर आपली लाज काढली जाणार, आणि काढली गेली तर बरंच. ते वाट बघत राहिले.

"कुठलं गं ताई," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता. "मला नाही झेपत त्या. ह्यांनी हौसेने आणल्या, पण केवढ्या जड! मीच म्हटलं, तुम्हीच खेळा. नाही नाही, वाईट कशाला वाटायचंय? पुरुषांच्या हातासाठीच आहेत त्या, ताई."

फोन खांद्याने कानाशी धरून, बोलता बोलताच, तिनं सोललेली चिकटपट्टी पुन्हा त्या कडीवर चढवली, आणि अंगठ्याने दाबून दाबून नीट बसवली.