जिभेचा स्क्रू

चर्चच्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात एक चित्र आहे. मोठेपणी समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, म्हणून काही शतकांपूर्वी युरोपात जाळायला नेलेली ॲनाबॅप्टिस्ट बाई. वाटेत तिने लोकांपुढे साक्ष देऊ नये, म्हणून तिच्या जिभेला स्क्रू बसवलाय. तरीही ती बोलेल या धास्तीने शिपाई दोन पावलं लांबूनच चालतोय.

माझी जीभ जन्मभर मोकळी आहे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात पाळकसाहेबांसाठी ठेवलेल्या करंज्या मी खाल्ल्या. आळ बायकोवर, मार्थावर आला. "सून खादाड मिळाली," असं आई नातेवाइकांत सांगत राहिली आणि मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.

काल ते पुस्तक घरी आणलं, चित्र मार्थाला दाखवलं आणि एकदाचं म्हणालो, "त्या करंज्या मीच खाल्ल्या होत्या गं."

"माहीत आहे. मिशीला सारण होतं तुमच्या."

"मग आईला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल." तिने चष्मा लावून चित्र न्याहाळलं. "हिला बिचारीला बोलायचं होतं, म्हणून स्क्रू लागला. तुमच्यावर लोखंड वाया गेलं असतं."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "यंदा तरी करंज्या कुलपात ठेवा रे!"

मी पुस्तक मिटलं आणि आईच्या खोलीत गेलो.