समुद्राकाठची खारी भिंत

शेळ्यांपुढं चाटायला खडेमीठ ठेवताना कोकणातली सहल आठवते. धारूरहून आमची बस गेली होती. जन्मभर शेळ्या राखलेल्या सासूबाई पहिल्यांदाच शेळ्या शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. समुद्राकाठच्या नवाबी महालात गाइड झुंबरं दाखवत होता, आम्ही माना वर करून थक्क. सासूबाईंनी मात्र खाऱ्या वाऱ्यानं भिंतीवर साचलेला मिठाचा पांढरा थर नखानं खरवडून जिभेला लावला. "महाल लई देखणा हाय," त्या म्हणाल्या, "पण माझ्या शेळ्यांनी चाटून पाडला असता." गाइडही हसला. संध्याकाळी किनाऱ्यावर त्या कितीतरी वेळ लाटांकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढं मीठ, अन् माझी एक बी शेळी हितं न्हाई." आज सासूबाई नाहीत. शेळ्या माझ्याकडं आहेत, आणि कुठंही काही सुंदर दिसलं, की मलाही आधी शेळ्याच आठवतात.