मेंटेनन्सवर नाव कुठं लिहायचं?

"मेसेज आलाच न्हाय की ताई. आमी पहाटेच्या एसटीनं निघालो." दुधनीच्या शांतव्वा डायलिसिस सेंटरच्या दारात मला सांगत होत्या. बाकावर त्यांचे यजमान, पाय सुजलेले, धाप लागलेली. मशीन दुरुस्तीमुळे त्यांची पाळी आदल्या दिवशी घेतली होती. ते कळलंच नव्हतं. सिस्टरनं कसंबसं मध्ये बसवून घेतलं, म्हणून निभावलं.

पाळीचे मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर पूर्वी मी सांभाळायचे. सोलापुरात माझी छोटी आयटी फर्म आहे. वर्षाचे पैसे घ्यायचे आणि बिघडलं की धावायचं, याला एएमसी म्हणतात. मग सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टला पुण्याची एक सेवाभावी संस्था भेटली. ती हेच काम फुकट करायची. मला नारळ मिळाला. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण माणसं चांगली होती, कामही चोख. फक्त त्यांचं सगळं ग्रँटवर चालायचं. ग्रँट संपली, माणसं गेली, सर्व्हर बंद. तशी ईमेल आली होती म्हणे. ट्रस्टमध्ये ईमेल उघडतं कोण?

म्हणून अध्यक्ष काकांनी मला बोलावलं होतं.

"फुकट कराल का ताई? पुण्य लागंल."

"काका, पुण्यावर सर्व्हरचं भाडं भरता येत नाही. मीही त्यांच्यासारखीच बंद पडेन."

"लोकं मशीन देतेत, पंखा देतेत. मेंटेनन्सला कोण देतंय? त्याच्यावर नाव कुटं लिहायचं?"

खरं होतं. तिथं व्हीलचेअरवरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवलंय. वाद घालायचं त्राण नव्हतं. वैतागून म्हटलं, "अन्नदानाच्या तिथ्या देता ना, तशा द्या. जो एका दिवसाचा खर्च देईल, त्याचं नाव त्या दिवशीच्या मेसेजखाली टाकते."

काका खूश. तिथ्या भराभर गेल्या.

पहिलाच मेसेज गेला: 'उद्या सकाळी डायलिसिस. कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ.' लगेच शांतव्वांचा फोन. "ताई, ह्या गंगाबाई आमच्याच मशीनवर गेल्या का? मालक यायला न्हाय म्हणतेत!"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे देणगी बहुतेक गेलेल्यांच्या नावानंच येते, हे मला सुचायला हवं होतं. सगळे 'कै.' काढले. फक्त वाढदिवसाच्या तिथ्या ठेवल्या. काका कुरकुरत पुन्हा देणगीदारांना फोन लावत बसले.

आठवड्यानं शांतव्वांच्या यजमानांनी मला सेंटरमध्येच गाठलं. "माझा बी वाढदिवस धरा."

"कधी असतो?"

"ह्या वर्षीचा झाला. पुढच्या वर्षीचा धरा की."

मी धरला. म्हणजे तोवर दुकान चालू ठेवणं आलं. सेवा म्हणून करा नाहीतर धंदा म्हणून, त्या दिवशी मेसेज पाठवायला कुणीतरी जागेवर असावं लागतं.